जानरावांचे त्रेचाळीस जिताडे

पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात विहिरीचं पाणी ना पिकाला चालतं, ना माणसाला. जानराव मोहोड यांनी कपाशीच्या वावरात तळं खोदून त्याच पाण्यात जिताडा सोडला. हा समुद्रातला मासा; पिल्लं कोकणातल्या बीजकेंद्रातून पिशव्यांत भरून यायची. दर्यापूरपर्यंत लोक हसले. मी जाऊन बघून आले. प्राणिशास्त्र शिकवलेल्या बाईने न बघता हसू नये.

पहिलं वर्ष बरं गेलं. दुसऱ्या वर्षी दोन हजार पिल्लं गोल गोल फिरत मेली. मेंदू आणि डोळे धरणारा विषाणू. त्यावर औषध नाही. त्रेचाळीस तेवढी उरली. ती जानरावांनी विहिरीजवळच्या टाक्यात ठेवली आणि मला फोन केला.

"मॅडम, मेले ते काहून मेले थे समजलं. हे काहून नाई मेले?"

माझ्या वर्गात हा प्रश्न कुणी विचारला असता तर खुशीत मी त्या दिवशी हजेरी घेतली नसती.

जानरावांनी स्वतःचं उत्तर काढलंही होतं. रोग पडलेल्या कपाशीत जे झाड उभं राहील त्याला ते लाल धागा बांधत आणि त्याचीच सरकी बियाण्याला ठेवत. तसा धागा आता टाक्याच्या नळाला होता. या माशांचंच बी धरायचं, म्हणाले.

"अहो, हे सगळे अजून नर आहेत," मी सांगितलं. "जिताडा आधी नर असतो, काही वर्षांनी मादी होतो."

त्यांच्या पत्नी, दुर्गाबाई, मागे भांडी घासत होत्या. "घ्या. बापाची माय होईपर्यंत बसा आता टाक्यापाशी. तसेई कुठी जाता तुमी?"

अकोल्याहून मत्स्य विभागाचा अनुप आला. भला मुलगा, पण घाईचा. "काका, जगले म्हणजे सुटले असं नाही. अंगात विषाणू असू शकतो. मारा आणि चुन्यात पुरा."

जानराव टाक्यासमोर उभे राहिले. "माह्या वावरातले हाये. मी नाई मारत."

मला दोघांचाही राग आला. एकाला न बघता पुरायचं, दुसऱ्याला न तपासता वाढवायचं. मी म्हटलं, प्रत्येकाच्या शेपटीचा नखाएवढा तुकडा प्रयोगशाळेत पाठवा. बीजकेंद्राकडे अंडी घालणाऱ्या आयांचेही असे तुकडे जपलेले असतात, ते जुळवून कोण कुणाचं ते बघा. तोवर टाक्यातलं थेंबभर पाणी बाहेर जाणार नाही. आणि विषाणू निघाला तर जानराव स्वतः मारतील. टाक्यात बघत जानरावांनी होकार दिला.

पाच आठवड्यांनी अहवाल आला. एकोणीस माशांत विषाणू होता. पण त्रेचाळीसपैकी अडतीस एकाच आईचे. अंडी सहा जणींची मिसळलेली. नुसतं नशीब असतं तर प्रत्येकीची सात-आठ निघायला हवी होती.

"म्हंजे माय काय देते त्याइले?" जानराव.

मी सांगितलं, पेशीत विषाणू शिरला की ती शेजारणींना सावध करते. काही घराण्यांत हा इशारा लवकर जातो, काहींत उशिरा. हे आईबापांकडून येतं.

"आपल्या शेजारच्या गोदाबाईसारखं," दुर्गाबाई म्हणाल्या. "चोर यायच्या आंधी गल्ली जागी करते." मग हात पुसत, "पण मॅडम, तिनं अंडीच जास्त घातली असतीन तं? जास्त पोट्टे, जास्त जगले."

अनुप माझ्याकडे बघू लागला. मी अहवाल पुन्हा उलटला. मेलेली पिल्लं कुठल्या आईची किती होती, हे कुणी तपासलंच नव्हतं. मलाही सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जानरावांनी त्रेचाळीस मासे मारले. अनुपला हात लावू दिला नाही. चुन्याच्या खड्ड्यावर माती ओढून ते नळाचा धागा सोडायला गेले.

यंदा दोन तळी आहेत. एकात त्या आईची पाचशे पिल्लं, दुसऱ्यात बाकीच्यांची पाचशे. दुर्गाबाईंनी स्वतः मोजून सोडलेली. पहिल्याच्या खुंटीला तो लाल धागा आहे. दोन्हीकडे मासे धडधाकट आहेत.

परवा जानराव काठावर बसून म्हणाले, "मॅडम, रोग नाई आला तं समजणार कसं?"

"मंग बोलवा त्याले," दुर्गाबाई म्हणाल्या.

जानरावांनी उठून, एकाचा रोग दुसऱ्यात जाऊ नये म्हणून, दोन्ही तळ्यांच्या जाळ्या वेगवेगळ्या खुंट्यांवर वाळत घातल्या.