पाणबुडीचे वाढदिवस

सायकल शेडमध्ये लावली की ते घंटी दोनदा वाजवायचे आणि कोणी असो नसो, मोठ्यानं म्हणायचे, "परत आलो." मग ते अंडी आणायला का गेलेले असेनात. मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत असले तर कुंपणावरून अहवालही मिळायचा. नऊ वाजून दहाला निघालो, नऊ चाळीसला परत, वारा समोरून, नुकसान एक अंडं.

तुमच्याही शेजारी असा कोणीतरी असेलच. माझे शेजारी नीउ-व्हेनेप या डच गावातले, भिंतीला भिंत लागून. वय ऐंशीच्या पुढं. ते मला 'शेजारीणबाई' म्हणायचे, इथं तसंच म्हणतात. मी त्यांना 'मिनीर', म्हणजे आपल्याकडचं साहेब. माझं डच वाचनालयातल्या गप्पांच्या वर्गात शिकलेलं, त्यांचं इंग्रजी गोदीत. दोन्ही मिळून भागायचं.

ही 'परत आलो'ची सवय त्यांना एका पाणबुडीनं लावली. हसू नका. जेवणाच्या टेबलावर निळ्या फायलींची चळत असे. दुसऱ्या महायुद्धातल्या एका जर्मन पाणबुडीची सगळी कारकीर्द त्यात लिहिलेली. फ्रान्सच्या बंदरातून कधी निघाली, किती दिवस समुद्रात होती, कोणतं जहाज बुडवलं. प्रत्येक फेरीच्या शेवटी दोन शब्द, 'परत आली.' शेवटच्या फेरीखाली मात्र कोरी जागा. हे सगळं कशासाठी, असं मी विचारलं की म्हणायचे, "क्रमानं, शेजारीणबाई. आधी कॉफी." कॉफीबरोबर एक बिस्किट, आणि डबा बंद. इथली रीतच ती, आता मला राग येत नाही. आणि पाणबुडीचं म्हणाल, तर मला वाटायचं, असतो एकेका पुरुषाला छंद. आमचे हे नाही का, चांगले चालणारे रेडिओ खोलून बसायचे.

एकदा अशीच मिनीरांकडं कॉफीला गेले आणि त्यांच्या संडासात जायची वेळ आली. आता इथं वाढदिवसांचं कॅलेंडर घरोघरी संडासातच टांगतात, रोज नजर जावी म्हणून. पहिल्यांदा मला कसंसंच झालं होतं, आता आमच्याकडंही आहे. त्यांचं मात्र भरगच्च. त्या दिवसाच्या तारखेवर 'कार्ल' लिहिलेलं. इथली दुसरी रीत अशी, की ज्याचा वाढदिवस त्याच्याबरोबर त्याच्या घरच्यांचंही अभिनंदन करायचं. आम्ही तर एप्रिलमधली जयंती आठवडाभर करणारी माणसं, मला उत्साह दांडगा. हात धुऊन बाहेर आले, त्यांचा हात धरून हलवला आणि म्हटलं, तुमच्या कार्लबद्दल अभिनंदन.

ते खुर्चीत बसले. आर्नहेमहून आलेली त्यांची लेक भांडी पुसत होती. तिनं फडकं खाली ठेवलं. "कार्ल त्या पाणबुडीवर होता," ती म्हणाली. "माझ्या आजोबांना मारलं त्यांनी."

मग त्यांनी सांगितलं, क्रमानं. वडील मालवाहू जहाजावर कोळसा ओढायचे. हे दोन वर्षांचे असताना या पाणबुडीनं ते जहाज बुडवलं. वडील भाजले, पण होडीत पोचले. पाणबुडी पाण्यावर आली, आणि तिच्यावरच्या कोणा खलाशानं होडीत पाण्याचा डबा दिला, किनारा कुठं ते दाखवलं. तिसऱ्या दिवशी वडील गेले. वाचलेल्या एकानं पुढं आईला येऊन सांगितलं, तहानलेला नाही गेला तो. आई मरेपर्यंत पाणबुडीला शिव्या देत राहिली. यांनीही दिल्या. फायली सुरू केल्या त्या रागानंच, मारणाऱ्यांची नावं तरी कळावीत म्हणून. जर्मनीतल्या कचेऱ्यांना पत्रं लिहून लिहून नावं मिळाली, जन्मतारखा मिळाल्या. बहुतेक विशीतले. शेवटच्या फेरीत सगळे बुडाले.

"डबा कोणी दिला ते कुठंच लिहिलेलं नाही," ते म्हणाले. "म्हणून सगळ्यांचे वाढदिवस."

"टॉर्पेडोही त्यांच्यातल्याच कोणी सोडला, बाबा."

"ते फायलीत आहे. पुसलेलं नाही मी."

आमच्या घरात पाणी हा साधा शब्द नाही. माझ्या आईला गावच्या विहिरीवर लांबून ओंजळीत पाणी ओतायचे, तेही कोणाच्या मनात आलं तर. ज्या बाईनं घागर न आखडता ओतलं, तिचं नाव आई शेवटपर्यंत घ्यायची. आईला निदान नाव तरी ठाऊक होतं.

पुढं त्यांना एकटं राहणं जमेना. लेकीनं आर्नहेमला, तिच्या घराजवळ, वृद्धाश्रमात खोली घेतली. तिथं कॅलेंडर न्यायचं नव्हतं त्यांना. आपल्यानंतर ते केरात जाईल ही एकच धास्ती. ते लेकीकडं लागावं अशी इच्छा, आणि लेक म्हणाली, "माझ्या घरात ही नावं नकोत." तेव्हा ते कुंपणाशी येऊन मला विचारू लागले, तुम्ही लावाल का? मी म्हटलं, "मी आनंदानं लावीन, मिनीर. पण ही तुमच्या घरची नावं. लेकीच्याच हातात द्या, भांडली तरी." त्यांनी मान डोलावली. जाताना सायकलची घंटी दोनदा वाजवली. नुसतं "निघालो" म्हणाले.

हिवाळ्यात ते गेले. अंत्यविधीनंतर कॉफी आणि केक होता. लेक माझ्याजवळ येऊन बसली. तिला फोन आला, पण ती पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. उशाशी अर्धा प्यालेला पाण्याचा पेला होता. "कोणीतरी पाजलं त्यांना," ती म्हणाली. "मी सगळ्यांना विचारलं. पाळी बदलत होती, कोणालाच नक्की सांगता येईना." कॅलेंडरचं मी काही विचारलं नाही. माझी हिंमत झाली नाही.

वसंतात तिनं मला कॉफीला बोलावलं. आर्नहेमपर्यंत गाडीनं जायचं म्हणजे माझ्यासारखीला पोचल्यावर आधी संडास. दार लावलं आणि समोर तेच कॅलेंडर. महिना बरोबर उलटलेला. जुन्या नावांमध्ये वेगळ्या शाईनं एक नवं नाव, तिच्या बाबांचं. आणि आजच्या तारखेवर त्यांच्या अक्षरात, 'हान्स'.

बाहेर आले तेव्हा ती टेबलाशी उभीच होती. मी हात पुढं केला. म्हटलं, हान्सबद्दल अभिनंदन.

तिनं हात धरला, जरा जास्तच वेळ. "धन्यवाद, शेजारीणबाई," म्हणाली. मग कॉफी ओतली, आणि बिस्किटांचा डबा माझ्यापुढं सरकवला, उघडाच.