सगळे सेल हिरवे होते

सकाळपासून शीटमध्ये सगळं हिरवं होतं, आणि तेच मला खटकलं.

भरे गावाजवळच्या आमच्या कारखान्यात दुचाकींच्या ब्रेकच्या केबल बनतात. प्रत्येक लॉटमधल्या काही केबल मशीनवर ताणून तोडायच्या आणि आकडे स्प्रेडशीटमध्ये भरायचे. लॉटमधली जवळपास प्रत्येक केबल निदान किती ताण सोसेल, हे शीट एका उलट्या फंक्शनने काढतं. शक्यता आपण सांगायची, आकडा ते देतं. तो ठरलेल्या मर्यादेच्या वर असला की सेल हिरवा, खाली गेला की लाल.

आदल्या संध्याकाळी आयटीवाल्यांनी सगळ्या कॉम्प्युटरवर स्प्रेडशीटच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती टाकली होती. मी जन्माचा शंकेखोर. नांद्याच्या घरून निघून, गॅस बंद केलाय का हे बघायला अर्ध्या रस्त्यातून परत फिरणारा. एका लॉटचे आकडे नुसत्या डोळ्यांनाही कमी दिसत होते, तरी हिरवं! फंक्शनचा सेल पाहिला, तर कोरा.

मग उमगलं. नव्या आवृत्तीत ते फंक्शन एरर देत होतं. पण ऑडिटरसमोर एरर दिसलेली कुणालाच चालत नाही, म्हणून आमच्याकडे शीट बनवतानाच एररच्या जागी कोरा मजकूर येईल अशी सोय करून ठेवतात. आणि हे येडं सॉफ्टवेअर तुलना करताना कोऱ्या मजकुराला कुठल्याही आकड्यापेक्षा मोठं धरतं. म्हणजे नापास व्हायची वाटच बंद. तो लॉट घेऊन सकाळचा टेम्पो तर केव्हाच गेला होता.

बायकोला फोन केला, "माळ्यावरचं संख्याशास्त्राचं पुस्तक काढ, शेवटच्या तक्त्यांचे फोटो पाठव."

"रद्दीत घालणार होतात ना?" एवढं ऐकवून तिने पाठवले. त्या तक्त्यांवरून कॅल्क्युलेटरवर हिशेब पुन्हा पुन्हा केला. तो लॉट साफ नापास होता. टेम्पोवाला फोन उचलेना. अखेर उचलला, तेव्हा तो कुठेतरी चहाला थांबला होता.

"गाडी माघारी आण," मी सांगितलं.

मशीनवर केबल तोडणाऱ्या भऱ्याच्या मावशी शेजारीच उभ्या होत्या. काय झालं ते मी त्यांना सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला.

"सायब, आमच्या घरच्या मालकांच्या गाडीला मागच्या महिन्यात आपलीच केबल टाकलीया. तवाचं हिरवं तरी खरं हुतं का?"

आवृत्ती कालच बदलली, तेव्हाचं ठीकच असणार, असं सांगायला मी तोंड उघडलं. पण त्या सोयीखाली याआधी कधी काय झाकलं गेलं, ते कुणी पाहिलं होतं?

"मालक आत्ता कुठे आहेत?" मी विचारलं.

"ड्यूटी सुटली असंल. पिरंगुटच्या घाटात असत्याल."

"फोन लावा, मावशी," मी म्हणालो. "म्हणावं, आहात तिथंच गाडी उभी करा."