येतो म्हणून गेलेला

भैरवी सालपेकरचं विमान कुठं गेलं हे नागपुरात कुणालाही विचारा, सांगेल. पानठेल्यावरचा सांगेल, ऑटोवाला सांगेल, ज्यानं विमान फक्त खालून पाहिलं तोही छातीठोक सांगेल. एवढी नावाजलेली वैमानिक, एकटीनं हिमालय ओलांडून आलेली, पेपरात आठवड्याला फोटो. ती दोन माणसांचं लहानसं विमान घेऊन नागपुरातून अंदमानला निघाली आणि विशाखापट्टणच्या पुढं समुद्रावर नाहीशी झाली. ना विमान मिळालं, ना त्याचा पत्रा. मग काय विचारता! कुणी म्हणे समुद्रात पडली, विषय संपला. कुणी म्हणे पडली नाही, पाडली. कुणी म्हणे ब्रह्मदेशात उतरली आणि नाव बदलून सुखात राहते. तिच्या नावानं एक चौक झाला, तिथं दरवर्षी मेणबत्त्या लागतात आणि मेणबत्त्या विझायच्या आत त्याच चौकात भांडणं लागतात, की खरं काय झालं.

विमान दोन माणसांचं होतं म्हणजे आत दुसरंही कुणी होतं, हे मात्र फारसं कुणाच्या डोक्यात येत नाही. त्याचं नाव प्रेमानंद. भैरवीच्या विमानाचं इंजिन तोच पाहायचा, म्हणून ती त्यालाच सोबत घेऊन गेली. पेपरात त्याला 'सोबत एक मेकॅनिक' एवढी जागा मिळाली. त्या एका मेकॅनिकची आई कांताबाई अजून हुडकेश्वरला राहते.

दोन खोल्या, पुढं पत्र्याचं शेड, शेडमध्ये खाटेवर साड्यांचा ढीग. गांधीबागेतल्या दुकानांच्या साड्यांना फॉल लावून देणं हे कांताबाईचं काम. नवरा नत्थू कळमन्याच्या बाजारात पोती उचलायचा, तो कधीच वारला. आतल्या भिंतीवर बुद्ध, बाबासाहेब, त्याखाली नत्थूचा फोटो, त्याला चंदनी हार. शेजारी प्रेमानंदचा फोटो. त्याला तेव्हा हार नव्हता. घरात येणाऱ्याची नजर आधी तिथंच जायची, आणि कांताबाई येणाऱ्याची नजर पाहत असायची.

आता या बाईचं एक खूळ सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. तिचा सासरा छप्पन साली दीक्षा घेऊन घरी आला, तेव्हाच देव, गंडे, लिंबू-मिरची, सगळं घराबाहेर गेलं होतं. कांताबाई सून होऊन आली ती अशा धुऊन पुसून काढलेल्या घरात, आणि तीही शकुन-अपशकुन मानणाऱ्यांना फाडफाड बोलायची. पण एक गोष्ट तिच्यानं सुटली नाही. घरातून निघणाऱ्यानं 'जातो' म्हणायचं नाही. 'येतो' म्हणायचं. बाईमाणसानंही येतोच, इकडची बोलीच तशी. नत्थू तिला चिडवायचा, "अवं, प्रतिज्ञा बावीस हायेत. हे तेविसावी तू कुठून आनली?" ती म्हणायची, "माह्या मायच्या घरून आनली. तुमी पोतं उचला आपलं."

लहानगा प्रेमानंद हटकून चुकायचा. भोवरा घेऊन पळता पळता ओरडायचा, "माय, जातो वं!" की कांताबाई तशीच उठून त्याला गल्लीतून बखोटीला धरून आणायची. खाली बसवायची, पेलाभर पाणी पाजायची आणि म्हणायची, "आता नीट सांग." मग पोरगं तोंड वेंगाडून म्हणायचं, "येतो वं माय." तेव्हा कुठं सुटका. एकदा दहावीच्या पेपरला उशीर होत असताना त्याच्या तोंडून निसटलं, तर बाईनं त्याला सायकलवरून उतरवून परत घरात आणलं. पोरगा रडकुंडीला आला, पण पाणी प्यायला. त्यानंतर तो शब्द त्याच्या तोंडून परत कधी निघाला नाही. मिशा फुटल्या, नोकरी लागली, लग्न झालं, तरी दारात चप्पल पायात सरकवत म्हणायचा ते येतोच.

अंदमानला निघाला त्या सकाळीही तेच म्हणाला. "परवा येतो वं माय." कांताबाई खाटेवरून उठली नाही, सुईत दोरा ओवत होती. "हो," म्हणाली. पुढं कितीतरी वर्षं तिला वाटत राहिलं, उठायला काय झालं होतं मले, हातापायाले मेंदी लागली होती का?

पुढं चौकशी झाली, अहवाल आला. त्यात विमानातून वायरलेसवर ऐकू आलेले शेवटचे शब्द इंग्रजीत छापले होते. टीव्हीवाल्यांनी ते वाचले, 'जेटो, ओ माय.' झालं! विमानाला जोर द्यायला लावतात त्या रॉकेटला म्हणे इंग्रजीत जेटो म्हणतात. म्हणजे भैरवीच्या विमानाला चोरून रॉकेट लावलेलं होतं, ते फुटलं आणि ती 'ओ माय गॉड' म्हणणार तेवढ्यात संपर्क तुटला. यावर मोठमोठे जाणकार टाय लावून बोलले. प्रेमानंदनंच ते रॉकेट लावलं, पैसे खाऊन लावलं, असंही एक जण बोलला. कांताबाईनं त्या दिवशी टीव्ही बंद केला आणि टीव्हीवर साड्यांचा गठ्ठा ठेवला.

पण एक तर्क तिला आवडायचा. सगळ्यात घाणेरडा होता तो. भैरवी आणि मेकॅनिक संगनमतानं पळून गेले, कुठंतरी संसार करून राहिले, असा. शेजारच्या यमुताईनं तो दबक्या आवाजात सांगितला, तेव्हा तिला वाटलं आता कांताबाई झिंज्या उपटेल. पण कांताबाई म्हणाली, "असन. लबाड असन, नालायक असन. जिता त असन ना वं!"

आत तिची सून कामिनी ताट वाढत होती. तिनं ते ताट तसंच खाली ठेवलं आणि मागच्या दारानं बाहेर जाऊन उभी राहिली. लग्नाला जेमतेम दोन वर्षं झाली होती तिच्या, जेव्हा तो गेला. मूलबाळ नाही. अंगणवाडीत मदतनीस म्हणून दिवसभर लोकांची पोरं सांभाळायची, संध्याकाळी सासूच्या साड्यांच्या घड्या घालायची. माहेरच्यांनी किती बोलावलं, गेली नाही. आणि इकडं ही सासू! पोरगा जिवंत राहावा म्हणून सुनेला टाकलेली ठरवायला निघाली. कांताबाईला हे कळत नव्हतं असं नाही. चांगलं कळत होतं. पण दोन्हींतून एक उचलायचं म्हटलं की तिचा हात पोराकडंच जायचा.

मग कामिनीला एक स्थळ सांगून आलं. भंडाऱ्याकडचा अमोल, वीज मंडळात लाइनमन, पहिली बायको आजारात गेलेली. मुलाची आई बायजाबाई स्वतः आली, सरळ बाई. चहा पिऊन म्हणाली, "पोरगी आमाले पसंत हाय. ते विधवा हाय का टाकलेली हाय, एवढं सांगा. दोन्ही चालते आमाले, पन काहीतरी एक सांगा. अधांतरी कसं नेऊ मी तिले?"

कामिनीनं सासूकडं पाहिलं. "आई म्हनतीन तसं."

सगळं प्रेमानंदच्या पुण्यानुमोदनावर अडलं होतं. भन्तेजींना बोलवायचं, फोटोला हार घालायचा, चार लोकांत सांगायचं की आमचा माणूस गेला. तेवढं झालं असतं तर कामिनी मोकळी होती. पण कांताबाई म्हणाली, "येतो म्हनून गेला तो. येनाऱ्याचं पुन्यानुमोदन कोनी करत असते का?" बायजाबाई जाताना सांगून गेली, "थंडी सरेपर्यंत वाट पाहतो. मंग आमाले दुसरीकडं पाहा लागन." त्या रात्री दोघीही जेवल्या नाहीत आणि एकमेकींना जेव म्हणाल्याही नाहीत.

थंडी सरत आली तेव्हा सौरव आला. धरमपेठेतला तिशीतला दाढीवाला, मोबाइलवर भैरवीच्या गायब होण्यावरच व्हिडिओ करायचा, त्यावरच त्याचं चालायचं. पण माणूस वाईट नव्हता. घरी आला की चपला बाहेर काढायचा, जय भीम मावशी म्हणायचा, आणि प्रेमानंदचं नाव घ्यायचा, नुसतं मेकॅनिक म्हणायचा नाही. त्या दिवशी तो फार खुशीत होता.

"मावशी, आवाज मिळाला! इतकी वर्षं अर्ज करत होतो. छापलेलं नाही, खरा आवाज. आधी तुम्हालाच ऐकवतो."

कांताबाईनं सुई साडीत खोचून ठेवली. सौरवनं मोबाइल तिच्या कानाशी धरला. आधी नुसती खरखर. मग भैरवी इंग्रजीत काही आकडे सांगत होती, घाई नव्हती तिला. मग काहीतरी मोठ्यानं वाजलं, इंजिनाचा आवाज बदलला, आणि त्या आवाजाखालून एक पुरुष बोलला.

"जातो वं माय."

"ऐकलंत?" सौरव जवळजवळ ओरडलाच. "जेटो नाहीच ते! जातो! सगळे रॉकेट रॉकेट करत बसले. मावशी, नीट विचार करा, तो पडतो म्हणत नाही, वाचवा म्हणत नाही. जातो म्हणतोय! म्हणजे कुठं जायचं ते त्याला ठाऊक होतं. पॅराशूटनं उडी मारली असणार. जिवंत आहे तुमचा मुलगा!"

"आनखी एकदा लाव."

त्यानं लावलं. आवाज घाबरलेला नव्हता. दारात उभं राहून चप्पल पायात सरकवत बोलावं, तसाच होता. फक्त शब्द दुसरा होता. कांताबाईला क्षणभर वाटलं उठावं, त्याला बखोटीला धरून मागं आणावं, बसवावं, पेलाभर पाणी पाजावं आणि म्हणावं, आता नीट सांग. पण समुद्रावर कुठं धावणार होती ती! तिच्या पोराला सगळं कळलं होतं. परत जमिनीला पाय लागणार नाहीत हे कळलं होतं, आणि आईशी खोटं बोलून जायचं त्याच्या जिवावर आलं होतं. तिनं पदर डोळ्यांना लावला. सौरवला वाटलं, बाईला आनंद झाला.

त्यानं कॅमेरा चालू केला. "मावशी, हा प्रेमानंदचाच आवाज ना? फक्त हो म्हणा."

हो म्हटलं असतं की तो शब्द उद्या पानठेल्यावर गेला असता. प्रत्येकानं तो चघळून पाहिला असता, त्यातून उडी काढली असती, बेट काढलं असतं. एवढं एकच तर पोरगं तिच्यासाठी ठेवून गेलं होतं.

"नाही," कांताबाई म्हणाली. "माह्या पोराचा आवाज नाही हा. माहा पोरगा जातो म्हनत नाही."

सौरवचं तोंड पडलं. पण आठवड्याच्या आत त्याचा नवा व्हिडिओ आला, विमानात तिसरा माणूस कोण होता? लाखांनी पाहिला. चौकात आता त्यावर भांडतात. भांडा बापहो, तुमचं काय जाते!

सौरव आवाज ऐकवून गेला त्या दिवशी संध्याकाळी कामिनी अंगणवाडीतून आली तेव्हा सासू अंधारातच बसलेली. दिवा लावायचंही तिला सुचलं नव्हतं.

"कामिनी, बायजाबाईले फोन लाव. सांग, विधवा हाय म्हनून."

कामिनी दारातच थांबली. "काहून, आई? काय झालं?"

"आवाज ऐकला मी त्याचा. जातो म्हनला."

दुसऱ्या कुणाला पुढं विचारावं लागलं असतं. कामिनी त्या घरात राहिलेली होती, ती रोज त्याच दारातून येतो म्हणून निघायची. भिंतीला धरून खाली बसली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मोठ्यानं रडली. कांताबाईनं तिला जवळ ओढलं. "मीच अडवून ठेवलं वं तुले," एवढंच ती म्हणाली.

पुण्यानुमोदन झालं. भन्तेजी आले, त्रिशरण पंचशील झालं, गल्लीतले लोक खीर-पुरी जेवून गेले. प्रेमानंदच्या फोटोला हार घालायला कांताबाईचा हात पुरला नाही, स्टूल आणावं लागलं. पुढच्याच महिन्यात विहारात कामिनीचं लग्न लागलं. भंडाऱ्याला न्यायला गाडी आली. सामान म्हणजे एक पेटी आणि दोन पिशव्या. अमोल बाहेर गाडीशी थांबला, समजूतदार माणूस.

कामिनी पाया पडली. उंबऱ्यात उभी राहून तिनं सवयीनं तोंड उघडलं, "येतो, आ..."

"नको." कांताबाईनं तिचा हात धरला. "तसं म्हनशीन त जीव इथंच अडकून राहीन तुहा. माहाही. जातो म्हन."

"आई, माह्याच्यानं नाही होत."

"म्हन वं. मले ऐकू दे एकदा, समोर उभं राहून कोनी म्हनलेलं."

गाडीवाल्यानं एकदा हॉर्न वाजवला. मग ती खाली मान घालून म्हणाली, "जातो, आई." आणि मागं न पाहता चालू लागली.

गाडी गल्लीच्या तोंडाशी वळली तेव्हा कांताबाईच्या लक्षात आलं, आपल्या हातात पाण्यानं भरलेला पेला आहे. केव्हा उठली, केव्हा भरला, तिला ठाऊक नव्हतं. परत बोलवावं असं आता घरात कुणी उरलं नव्हतं. ती खाटेवर बसली आणि ते पाणी तिनं स्वतःच पिऊन टाकलं.