जीपखाली बघणारा मेजर

इथे आखातात, अल् घुब्रामधल्या आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये रोज सकाळी एक गोरा गृहस्थ पुठ्ठा अंथरून गुडघ्यांवर यायचा आणि स्वतःच्याच जीपखाली डोकावायचा. कॅनडाच्या लष्करातला निवृत्त मेजर, अफगाणिस्तानात लढून आलेला, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. मेजर म्हटल्यावर मी निदान मिशीची अपेक्षा ठेवली होती. याच्याकडे पोट होतं आणि रबरी चपला.

आमचा दापोलीचा वॉचमन म्हणायचा, "पहिल्या दिवशी मला वाटलं, नमाज पढतोय. पण दिशाच चुकलेली."

जीपखाली बहुतेक वेळा एक पिवळं मांजर निघायचं. त्याला हुसकून मेजर गुडघे झटकायचा, स्वतःशीच "क्लियर" म्हणायचा आणि कामावर जायचा.

एकदा मला राहवलं नाही. "काय मेजरसाहेब, सापडला का बॉम्ब?"

वॉचमन खो खो हसला. मेजरही हसला.

"तिकडे माझ्या तुकडीच्या गाड्यांखाली मीच बघायचो," पुठ्ठ्याची घडी करत तो म्हणाला. "एक दिवस घाई होती. नाही बघितलं."

एवढं बोलून तो जीपमध्ये बसला. वॉचमनला एकदम गेट उघडायची आठवण झाली.

दुसऱ्या दिवशी मुलीला शाळेत सोडायला निघालो. तिला गाडीत बसवण्याआधी मी वाकलो. पोट माझंही आड आलं.

"बाबा, व्हॉट आर यू डूइंग?"

खाली मांजर होतं. बाजूला चपलांचा आवाज आला. मेजरने आपला पुठ्ठा माझ्या गुडघ्यांपाशी सरकवला.