हमीपत्रातली चौथी अट

बी.एड.च्या दुसऱ्या वर्षी आंतरवासितेसाठी, म्हणजे शाळेत राहून शिकवायला शिकण्यासाठी, मला शिरोळकडची एक शाळा मिळाली. कोल्हापूरहून रोज एसटीनं जायचं. पहिल्याच दिवशी मुख्याध्यापकांनी हमीपत्र पुढं सरकवलं. चौथी अट अशी, की मी शाळेची कर्मचारी नाही आणि तसा दावा कधी करणार नाही. धड न वाचताच मी सही ठोकली. माझा स्वभावच उतावळा. स्टँडवरसुद्धा मला बाकावर बसवत नाही.

गणिताच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर होत्या. दुसऱ्याच आठवड्यात त्यांची सातवी माझ्या गळ्यात पडली. नियमानं माझ्या तासाला मागं एक शिक्षक बसायला हवा, पण कधी कुणी फिरकलं नाही. सगळे शिक्षक मस्टरवर सह्या करायचे, मी मात्र कपाटावरच्या वेगळ्या वहीत. त्याचा राग यायचा. पण वर्गात पोरं मला बाई म्हणायची, आणि खरं सांगते, ते मला फार आवडायचं.

मग तपासणी लागली. मुख्याध्यापकांनी बोलावून सांगितलं, की उद्या फळ्यापाशी पीटीचे सर उभे राहतील आणि मी मागच्या बाकावर निरीक्षणाची वही घेऊन बसायचं. शिकाऊ मुलीच्या हवाली अख्खा वर्ग केलाय, हे दिसता कामा नये. माझ्या प्रमाणपत्रावर त्यांचीच सही व्हायची होती आणि तिच्याशिवाय मला पदवी मिळणार नव्हती. हे त्यांनी बोलून दाखवलं नाही, तशी गरजही नव्हती.

पीटीचे सर भला माणूस, पण अपूर्णांकांशी त्यांचं काय देणंघेणं? बेरीज करताना त्यांनी वरच्या आकड्यांबरोबर खालचेही मिळवून टाकले. मागं बसून मी पेनाचं टोपण काढत होते, लावत होते. पोरं वळून वळून माझ्याकडं बघायला लागली. शेवटी पहिल्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. माझी सगळ्यात चुणचुणीत पोर, रोज वही तपासून घेतल्याशिवाय घरी न जाणारी.

"सर, चुकलं की. बाईंनी असं न्हाय शिकवलं."

कोणत्या बाईंनी, असं तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं. तिनं माझ्याकडं बोट दाखवलं. दारात मुख्याध्यापक उभे होते.

"मी शिकवत नाही, सर," मी उठून म्हणाले. "मी नुसती बघायला येते."

साहेबांनी मान हलवली. पीटीचे सर गडबडून तिला म्हणाले, खोटं बोलू नये. ती खाली बसली. तेव्हा तरी मी तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं. मला संताप आला होता; मुख्याध्यापकांवर, त्या हमीपत्रावर, पण सगळ्यात जास्त माझ्यावरच.

तपासणी सुरळीत पार पडली. त्याच संध्याकाळी प्रमाणपत्रावर सही झाली, शेरा 'उत्तम'.

दुसऱ्या दिवशी पुन्हा मीच फळ्यापाशी होते. तास संपताना वह्या गोळा केल्या, एक कमी भरली. मी पहिल्या बाकापाशी गेले. तिनं वही शांतपणे दप्तरात घातली.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "आमच्या बाई रजेवरनं आल्या की त्यांनाच दाखवीन."