सुतकातला शुक्रवार

आई गेल्यावर पहिला शुक्रवार आला आणि मला देवीचा राग आला. आई दर शुक्रवारी अंबाबाईला जायची, मी बहुतेक वेळा बाहेर चपला सांभाळत थांबायचे. आता मलाच आत जावंसं वाटत होतं, तर घरात सुतक. आधार हवा तेव्हाच देवळाचं दार बंद, हे कसलं शास्त्र?

त्याच दिवशी मी आईच्या मृत्यूची नोंद करायला गेले. आदल्या दिवशी बाबा धीर न होऊन कार्यालयाच्या पायरीवरूनच परतले होते. जन्म आणि मृत्यू, दोन्हींची खिडकी एकच. झोप अशी कित्येक दिवसांत नव्हती; रांगेत उभ्या उभ्या डोळे मिटत होते. मागे एक मावशी नात झाल्याचं सगळ्यांना खणखणीत आवाजात सांगत होत्या. त्यांचा आनंदसुद्धा मला सोसवत नव्हता.

खिडकीतल्या कारकुनांनी डॉक्टरांचा कागद डोळ्यांजवळ नेला. "अक्षर लागंना ओ. मयताचं नाव सांगा."

आईला मी कधी नावानं हाक मारली नव्हती. 'मयत' या शब्दापुढे ते नाव ठेवलं की ती खरंच जाणार होती. "सांगा की, मागं लोक थांबल्यात." मी निघून जायला वळले, तर मावशींनी मनगट धरलं.

"कोण गेलं गं?"

"आई." मी हात सोडवू लागले. "शिवू नका, सुतक आहे मला."

"मग? आमच्यात सोयर हाय की. देवळात तुलाबी जाता येत न्हाय, मलाबी न्हाय. कोण कुणाला बाटवतंय?" मग खिडकीकडे वळून, "ओ सायेब, दम धरा जरा! आई गेलीया पोरीची, रेशन न्यायला आली न्हाय ती." आणि मला हळूच, "माझ्या कानात सांग."

मी वाकले. त्यांच्या पदराला बाळाच्या धुरीचा वास होता.

"सुमन! लिवा," त्या गरजल्या. गल्लीतून कुणी आईला हाक मारावी, तशी. पुढचं पूर्ण नाव मग मीच सांगितलं.

मावशी कोण, कुठल्या, विचारायचं राहूनच गेलं. परतताना अंबाबाईच्या महाद्वाराबाहेर थांबले. आत पाऊल टाकलं नाही, काही मागितलंही नाही. नुसते शिखराला हात जोडले आणि येणारे-जाणारे बघत असताना मोठ्यानं म्हणाले, "सुमन आलीय तुझ्याकडे."