लाल टोपण, हिरवं टोपण

देवव्रत खरोटेच्या हातून रंगांध माणूस सुटत नाही, असं आखातातल्या हमद पोर्टच्या रस्त्यावरच्या त्या क्लिनिकमध्ये सगळेच म्हणायचे, आणि त्याला ते ऐकायला फार आवडायचं. पोर्टवरचे क्रेनवाले, ट्रेलरवाले, फोर्कलिफ्टवाले कंपनीच्या बसमधून तिथे डोळे तपासायला यायचे. त्यांना लाल आणि हिरवा वेगळा दिसतो की नाही, हे पाहणं ऑप्टोमेट्रिस्ट म्हणून देवव्रतचं काम. रंगीत ठिपक्यांचं पुस्तक समोर धरायचं आणि ठिपक्यांत दडलेला आकडा विचारायचा. माणूस अडखळला की देवव्रत कागदावर रेघ ओढायचा आणि मान वर न करता म्हणायचा, "फेल. खलास. जाते जाते अगले को अंदर भेज देना."

ज्याची नोकरी गेली त्यालाच पुढच्याला हाक मारायला लावायची, यात त्याला काही गैर वाटत नसे. वेळ वाचतो, एवढंच त्याचं म्हणणं.

आणि या देवव्रतला स्वतःला लाल-हिरव्यातलं काही कळत नव्हतं. जन्मापासून. नाशिकला कॉलेजात शिरताना त्याने ते पुस्तक पानागणिक पाठ केलं होतं. कोपऱ्यातला पानाचा नंबर पाहायचा आणि त्या पानाचा आकडा धाडकन सांगायचा, की झालं. पुढे तोच तपासणारा झाल्यावर तर काही प्रश्नच उरला नाही. उत्तरं त्याच्या डोक्यात होती, समोरचा बरोबर की चूक हे कळायला ठिपके दिसायची गरज नव्हती. बायकोला, उर्वीला, सगळं ठाऊक होतं. ती त्याचे शर्ट निवडायची, टोमॅटो स्वतः आणायची आणि चारचौघांत कुणी रंगांचा विषय काढला की सफाईने दुसरीकडे वळवायची. हापूस पिकलाय की नाही हे तो वासावर ओळखायचा आणि वर लोकांना सांगायचा, की खरी पारख वासानेच होते.

पुस्तक पाठ करून आलेले कामगार त्याला लगेच ओळखू यायचे. स्वतः तेच केलं होतं ना! मग तो नंबर स्वतः पाहून घेऊन कोपऱ्यावर अंगठा दाबायचा, पुस्तक मधूनच उघडायचा, पानं मागेपुढे करायचा. माणूस गडबडला की त्याच्या चेहऱ्यावर समाधान पसरायचं. या निलाजरेपणाला सगळं क्लिनिक कौशल्य म्हणत होतं.

नुपूर नवीन लागली त्या आठवड्यातली गोष्ट. पोरगी लातूरची, शिकून नुकतीच इथे आलेली, हाताखाली शिकायला देवव्रतकडेच दिली होती. त्या दिवशी इरशाद नावाचा क्रेनवाला समोर बसला. त्याने पहिली पाच-सहा पानं घडाघडा सांगितली. देवव्रत नुपूरकडे वळून मराठीत म्हणाला, "बघ हं आता, कसा पकडतो." अंगठा कोपऱ्यावर गेला, पुस्तक मधेच उघडलं आणि इरशाद अडखळला.

"साब, बरसों से क्रेन चला रहा हूँ," तो म्हणाला. "कंटेनर का एक डब्बा नहीं ठोका आज तक. बत्ती ऊपर की जली है या नीचे की, वो देखके चलाता हूँ. कभी गलती नहीं हुई, साब."

"जगह देखके नहीं चलता. रंग दिखना चाहिए," देवव्रत म्हणाला. मग नुपूरला म्हणाला, "तू सांग त्याला फेल म्हणून. कागदावर काय, कोणीही लिहील. तोंडानं सांगता आलं पाहिजे."

नुपूरला बोलवेना. देवव्रत खुर्चीत रेलून वाट पाहत बसला. शेवटी ती कसंबसं पुटपुटली. इरशाद तिच्यासमोर हात जोडून रडला. चांगला दणकट, दाढी पिकत आलेला माणूस हमसून रडत होता, आणि देवव्रत घड्याळ बघत होता. "आणि ते राहिलं की," त्याने आठवण करून दिली, "अगले को भेजने का, तेही सांग." तिने तेही सांगितलं. महिना संपायच्या आत कंपनीने इरशादला गावी पाठवून दिलं, असं नंतर बसच्या ड्रायव्हरकडून कळलं. देवव्रतने तेव्हा चहा पित मान हलवली होती, बस.

असा हा माणूस. पण त्यालाही एक ठसठस होतीच. दिवाळीच्या फराळाला अल गराफा वस्तीतल्या राजाभाऊंच्या व्हिलामध्ये सगळी मराठी मंडळी जमायची. राजाभाऊ गॅस कंपनीत मोठे इंजिनिअर, वयाने आणि पगाराने सगळ्यांत वडील. नव्या पाहुण्यांशी ते देवव्रतची ओळख करून द्यायचे, "हे आमचे चष्मेवाले!" एकदा त्यांच्या बायकोचा, रत्नप्रभावहिनींचा, डोळा लालभडक झाला होता. देवव्रत पुढे होऊन म्हणाला, "वहिनी, तुम्हाला ड्रॉप्स लागतील, मी सांगतो कुठले."

"राहू दे रे बाबा," राजाभाऊ चकली मोडत म्हणाले, "तुला कुठे औषध लिहायचा अधिकार आहे? उद्या दवाखान्यात दाखवू. तू एखादी छानशी फ्रेम सुचव." सगळे खदखदून हसले. उर्वीही हसली, कारण न हसून चाललं नसतं. घरी परतताना गाडीत ती एवढंच म्हणाली, "अरे, तो कोर्स कर की एकदाचा."

तो कोर्स म्हणजे औषध वापरायची परवानगी मिळवून देणारा. परदेशातल्या एका संस्थेचा अभ्यासक्रम, त्याची परीक्षा, डोळ्यांच्या डॉक्टरांच्या नजरेखाली रुग्ण पाहायचे ठरावीक तास, आणि मग सगळी कागदपत्रं जोडून अर्ज. क्लिनिकच्या मालकांनीही शब्द दिला होता, की परवानगी आली तर स्वतंत्र खोली आणि दारावर नावाची पाटी. देवव्रत झपाटल्यासारखा अभ्यासाला लागला. खोटं कशाला बोला, माणूस हुशार होता. कुठलं औषध बुबुळाला चालतं, कुठलं काचबिंदूत घातक, सगळं त्याच्या जिभेवर होतं. परीक्षा पास झाला. डॉक्टरांकडचे तासही पुरे झाले. राजाभाऊंचा फोन आला, "काय देवव्रतराव, आता डॉक्टर म्हणायचं का?" त्या दिवशी तो घरात नुसता तरंगत होता.

डोळ्यांच्या ड्रॉप्सची एक पद्धत असते. बाहुली मोठी करणाऱ्या औषधाला लाल टोपण, बारीक करणाऱ्याला हिरवं. घाईच्या वेळी हात चुकू नये म्हणून. काही डोळेच असे असतात, की त्यांत लालऐवजी हिरवं किंवा हिरव्याऐवजी लाल पडलं तर दुपारपर्यंत नजर जाऊ शकते. क्लिनिकमध्ये डॉक्टरांच्या नजरेखाली ते तास करताना देवव्रत बाटल्या ट्रेमध्ये स्वतः लावायचा, लाल डावीकडे, हिरवी उजवीकडे, आणि कुणाला हात लावू द्यायचा नाही. एकदा सफाईत ट्रे उलट बाजूने ठेवला गेला. "लाल घेतो," म्हणत त्याने हिरवी बाटली उचलली, लेबल वाचलं, गुपचूप परत ठेवली आणि दुसरी घेतली. शेजारी नुपूर उभी होती. ती पुढच्या कामाला लागली, म्हणून तिने पाहिलं नाही असं तो धरून चालला.

अर्जाला एकच कागद कमी होता. अर्जदाराच्या स्वतःच्या डोळ्यांची तपासणी, रंगांसकट. कुणाही परवानाधारक ऑप्टोमेट्रिस्टची सही चालणार होती. बाहेर कुणाकडे जाणं म्हणजे जोखीम. देवव्रतने नुपूरला निवडलं. तीन वर्षं हाताखाली राहिलेली, आता स्वतःचा परवाना मिळवलेली, शब्द खाली न पडू देणारी पोरगी. तिला त्याने खोलीत बोलावलं आणि कागद पुढे सरकवला.

"टिक कर आणि सही ठोक. करक चहा मागवलाय, पिऊ दोघं."

नुपूरने कागद वाचला. "सर, तुम्ही तिकडे बसता का?"

तिकडे म्हणजे स्टुलावर, जिथे कामगार बसायचे. देवव्रत हसत उठून बसला. पोरीला जरा नियमाने करायची हौस असेल, पाठ तर सगळं आहेच. नुपूरने कपाटातून पुस्तक काढलं. मधूनच उघडलं. कोपऱ्यावर अंगठा दाबला.

"सांगा सर."

"वा! शिष्या तयार झाली माझी," देवव्रत म्हणाला. हसू तोंडावर तसंच राहिलं. समोर नुसते मातकट ठिपके होते. "पंचेचाळीस," तो म्हणाला. तिने पान उलटलं, पुढे नव्हे, मागे. "सहा." आणखी एक. "नुपूर, पुरे आता."

"एकही बरोबर नाही, सर."

"तू लहान आहेस," तो आवाज खाली आणून म्हणाला, "तुला कळत नाही हे कुठवर जाईल. नुसते ड्रॉप्स नाही जाणार माझे, ही खुर्ची जाईल. माझ्या लेकीची, अनुष्काची, बोर्डाची परीक्षा आहे यंदा. घर आहे, उर्वी आहे. इतकी वर्षं मी माणसं तपासली, एक तरी चुकीचा तपासला का?"

"नाही, सर. त्यानेही एक डबा ठोकला नव्हता."

कोणी, हे विचारायची गरज देवव्रतला पडली नाही.

"अगं, मी लेबल वाचतो!" तो जवळजवळ ओरडला. "त्या दिवशीही वाचलं होतं. तू बघितलंस ना? वाचूनच परत ठेवली ना बाटली? मी चुकत नाही, नुपूर. मी वाचतो!"

"तो बत्ती वरची की खालची ते बघायचा. तुम्ही म्हणालात, जागा बघून चालत नाही. रंग दिसला पाहिजे." तिने पेन उचललं. "मला त्या दिवशी जेवण गेलं नाही, सर. अजूनही तो दाढीवाला माणूस आठवतो. तुम्ही घड्याळ बघत होता."

देवव्रतने हात जोडले. खरोखर जोडले, छातीशी, आणि त्याचे डोळे भरून आले. असे जोडलेले हात या स्टुलावर किती आले आणि गेले, हे त्याच्याएवढं कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांचा काही उपयोग होत नाही, हेही त्याला ठाऊक होतं. कारण त्याने स्वतः तो कधी होऊ दिला नव्हता.

नुपूरने कागदावर रेघ ओढली. त्याच्याच पद्धतीने, एका फटक्यात. मनात आणलं असतं तर तिला सोडता आलं असतं. तिने सोडलं नाही.

"तुम्हीच शिकवलंत, कागदावर कोणीही लिहितं, तोंडानं सांगता आलं पाहिजे," ती म्हणाली. या वेळी तिला पुटपुटावं लागलं नाही. "फेल, सर. खलास."

तो बसूनच राहिला. करक आला, पोऱ्या ग्लास ठेवून गेला. मग नुपूरने पुढची फाईल उघडली आणि मान वर न करता ती म्हणाली, "जाताना पुढच्याला आत पाठवा."

देवव्रत उठला. दार उघडलं तेव्हा बाकावर निळ्या कपड्यांतले कामगार ओळीने बसले होते. सरांना पाहताच सगळे धडपडून उभे राहिले. पहिल्या नंबरच्या माणसाने बिचकत विचारलं, "साब, टेस्ट मुश्किल है क्या?"

देवव्रतने त्याच्यासाठी दार धरून ठेवलं.

"जाओ," तो म्हणाला. "अंदर बुलाया है."